चार्ल्स रॉथशील्डची यादी

एखाद्या पैसेवाल्या माणसाने जंगल किंवा दलदल विकत घेऊन तशीच राखून ठेवली अशी बातमी आली की दोन प्रकारची माणसं लगेच बोलायला लागतात. एक म्हणतात बघा, सरकारला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते एका माणसाने चेक फाडून करून दाखवलं, सगळं असंच खाजगी लोकांकडे देऊन टाका. दुसरे म्हणतात हे श्रीमंतांचे चोचले, आधी पैसा कमवायचा मग त्याच पैशाने पुण्य कमवायचं. मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही ते सांगायला चार्ल्स रॉथशील्डचं आयुष्य पुरेसं आहे, कारण हा माणूस खरोखरचा बँकर होता, त्याने खरोखर जमिनी विकत घेतल्या, आणि मग त्याच्याच लक्षात आलं की विकत घेऊन हे काम होणार नाही. हा शेवटचा भाग लोक सांगत नाहीत आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

चार्ल्सचा जन्म १८७७ चा. लंडनमधली एन. एम. रॉथशील्ड अँड सन्स ही घरची बँक. मोठा भाऊ वॉल्टर प्राणी-पक्ष्यांच्या नादात पार बुडालेला, ट्रिंगला स्वतःचं म्युझियम काढून बसलेला, बँकेत त्याचं मन कधी लागलंच नाही आणि १९०८ मध्ये त्याने बँक सोडली, त्यामुळे घरच्या धंद्याची जबाबदारी चार्ल्सवर आली. खरं सांगायचं तर नाद त्यालाही तेवढाच होता, फक्त त्याने बँक सोडली नाही. रोज ऑफिस, आणि उरलेल्या वेळात फुलपाखरं, पतंग, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पिसवा. हो, पिसवा. जगभरातून मागवून त्याने अडीच लाखांच्या वर पिसवा जमवल्या, शेकडो नव्या जातींची नोंद केली, आणि तो सगळा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला दिला. त्यामुळे 'बँकर निसर्गाकडे वळला' असं जे म्हणतात ते मला नीटसं बरोबर वाटत नाही, तो वळला वगैरे नाही, दोन्ही कामं एकाच वेळी करत राहिला आणि एका कामाची सवय दुसऱ्यात उतरली.

या पिसवांची एक गोष्ट आपल्यापर्यंत येऊन पोचते. १९०१ मध्ये तो सुदानला गेला होता, तिथे शेंदी गावाजवळ त्याला उंदरांवर एक पिसू मिळाली, १९०३ मध्ये त्याने तिचं वर्णन छापलं आणि पिरॅमिडवाल्या चिऑप्स राजावरून तिला चिऑपिस नाव दिलं. ही तीच पिसू, जी मुंबईच्या प्लेगमध्ये उंदराकडून माणसाकडे रोग नेत होती. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्येच पिसूवर बोट ठेवलं होतं, पण तेव्हा फारसं कोणी मानलं नाही, १९०५ नंतर प्लेग कमिशनने मुंबईत प्रयोग केले तेव्हा ते पक्कं झालं. आता बघा, ज्या पिसूला कोणी ढुंकून विचारलं नसतं तिचं नाव-गाव आधीच कोणीतरी नोंदवून ठेवलेलं होतं म्हणून नक्की कोणती पिसू हे बोलता तरी आलं. काय उपयोगाचं आहे हे आधी ठरवायचं आणि मग नोंद करायची असं चालत नाही, आधी नोंद करावी लागते. हीच गोष्ट चार्ल्सने पुढे जमिनीच्या बाबतीत केली.

जमिनीकडे तो आला तोही किड्यांच्याच मागे. पूर्व इंग्लंडात फेन म्हणून मोठा सपाट दलदलीचा पट्टा होता, बोरू, लव्हाळा, काळं पाणी आणि खाली पीटचा जाड थर, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजत साचलेल्या झाडपाल्याची माती. शेतीसाठी तिथलं पाणी उपसून काढलं, शतकानुशतकं काढतच राहिले, आणि आज मूळच्या फेनपैकी एक टक्कासुद्धा उरलेला नाही. विकन फेनमधला दोन एकरांचा तुकडा नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जागा आणि वास्तू लोकांसाठी राखून ठेवणाऱ्या संस्थेने, १८९९ मध्ये १० पौंडाला घेतला, चार्ल्सने स्वतःच्या पैशाने त्याला जोडून आणखी जमीन घेऊन ट्रस्टला दिली. मग १९१० मध्ये त्याने वुडवॉल्टन फेनची ३३९ एकर दलदल विकत घेतली आणि तिच्यात खांबांवर उभा असलेला, गवताने शाकारलेला एक बंगला बांधला. खांबांवर का, तर पाणी चढतं म्हणून. मला हा बंगला फार आवडतो. पाणी हटवून घर बांधायचं ही त्या भागातली सगळ्यांची रीत असताना या माणसाने घरच उचलून वर ठेवलं.

इथपर्यंतची गोष्ट पहिल्या प्रकारच्या लोकांच्या सोयीची आहे. श्रीमंत माणूस, चेक, दलदल वाचली. पण चार्ल्स इथे थांबला नाही आणि थांबला नाही त्याचं कारण मला वाटतं तो बँकर होता हेच आहे. बँकेत बसलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही, मालक बदलतो. आजचा मालक कितीही भला असला तरी उद्या तो मरतो, मुलं वाटण्या करतात, कुणाला कर्ज होतं, कुणाला दलदलीत काही रस नसतो, आणि जमीन बाजारात येते. म्हणजे एखादी जागा एका माणसाच्या प्रेमावर टिकून असेल तर तिचं आयुष्य त्या माणसाएवढंच, फार तर त्याच्या मुलांएवढं. नॅशनल ट्रस्टला १९०७ च्या कायद्याने असा अधिकार मिळाला होता की एखादी जमीन त्यांनी 'कधीही न विकता येणारी' म्हणून जाहीर करायची आणि मग ती खरंच विकता येत नाही. चार्ल्सला असाच कायमचा धनी हवा होता. पण ट्रस्टचा त्या काळचा ओढा देखाव्यांकडे आणि जुन्या वास्तूंकडे जास्त होता. टेकडीवरून छान दिसतं म्हणून टेकडी घ्या, जुनं घर आहे म्हणून घ्या. एखाद्या चिखलात दोन दुर्मिळ पतंग आणि एक छोटंसं जांभळं फूल आहे म्हणून चिखल घ्या, हे तेव्हा कुणाच्या गळी उतरणं कठीणच होतं.

मग १६ मे १९१२ ला नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये चार माणसं जमली, चार्ल्स, म्युझियममधले फेगन आणि ओगिल्वी-ग्रँट, आणि चार्ल्सचा मित्र हेन्ली, आणि त्यांनी एक सोसायटी काढली, निसर्गाच्या राखीव जागांना चालना देणारी. हीच पुढे वाढत वाढत आजची वाइल्डलाइफ ट्रस्ट्स झाली. आणि हे लक्षात घ्या की या सोसायटीचा पहिला हेतू जमिनी विकत घेणं हा नव्हताच. पहिलं काम होतं यादी. देशभरच्या जाणकारांना पत्रं पाठवायची, तुमच्या भागात अशी कोणती जागा आहे जी गेली तर परत मिळणार नाही, तिथे काय जगतं, ती कोणाची आहे, तिच्यावर काय संकट आहे हे गोळा करायचं. जागा निवडायची ती दिसण्यावरून नाही, तिथे काय जगतं त्यावरून. आज हे इतकं साधं वाटतं की यात विशेष काय असं कोणी विचारेल, पण त्याआधी असं कोणी अख्ख्या देशाचं करून ठेवलेलं नव्हतं.

१९१५ पर्यंत यादी तयार झाली. २८४ जागा. फार्न बेटं, नॉरफोकचे ब्रॉड्स, वेल्समधली ट्रेगॅरॉनची दलदल, स्कॉटलंडमधली केनलोकनची दरी, आयर्लंडमधलं लॉख नेय सरोवर. यादी सरकारच्या शेतीखात्याकडे गेली. आणि तिथेच राहिली.

युद्ध चालू होतं हे मान्य. धान्य पिकवायची घाई होती, पडीक दिसेल ती जमीन नांगराखाली घ्या असा जोर होता, त्यात चिखल वाचवा म्हणून कोण ऐकणार. पण युद्ध १९१८ मध्ये संपलं, त्यानंतरही काही झालं नाही. आणि हा अर्ज घेऊन कोण गेलं होतं ते आठवा. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे शेअर्स घ्यायला ब्रिटिश सरकारला तातडीने ४० लाख पौंड लागले तेव्हा ते याच घराण्याच्या बँकेने दिले होते. या घराला सरकारदरबारी दार बंद असायचं काही कारणच नव्हतं. पैसा होता, ओळखी होत्या, नाव होतं, अभ्यास होता, तयार कागद होता. एवढं सगळं असूनही एका माणसाला ते जमलं नाही. तेव्हा मला कोणी सांगतं की निसर्ग वाचवायचं काम चांगल्या मनाच्या श्रीमंत लोकांवर सोपवा, तेव्हा मी हेच विचारतो की रॉथशील्डपेक्षा जास्त काय घेऊन येणार आहेत ते?

चार्ल्स नंतर आजारी पडला, आजार लांबला, आणि १९२३ मध्ये वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. सोसायटी बरीच वर्षं थंड पडली. कायदा आला तो १९४९ मध्ये, म्हणजे यादीनंतर चौतीस वर्षांनी. नॅशनल नेचर रिझर्व आणि शास्त्रीय महत्त्वाच्या जागा ही व्यवस्था त्या कायद्याने आली, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याची तयारी करणाऱ्या समितीने चार्ल्सची जुनी यादीच पुन्हा हातात घेतली होती.

ही चौतीस वर्षं मला फार लागतात. लोक म्हणतात उशिरा का होईना पण झालं ना. उशिराचा हिशोब जमिनीच्या बाबतीत वेगळा असतो. शाळा दहा वर्षं उशिरा बांधली तर दहा वर्षांची मुलं शाळेला मुकतात, ते वाईटच, पण शाळा तीच बांधता येते. ब्रेकलँडचं वाळवंटासारखं कोरडं गवताळ रान १९२२ पासून पाइनची झाडं लावून झाकलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर जुनी कुरणं नांगरली गेली, इंग्लंड-वेल्समधली रानफुलांची कुरणं १९३० च्या दशकापासून ९७ टक्के गेली. शंभर-दोनशे वर्षं न नांगरलेलं कुरण एका सकाळी नांगरता येतं, परत तसं करायला पुन्हा तेवढीच वर्षं लागतात, आणि तीही आजूबाजूला बी शिल्लक असेल तर. चार्ल्सची मुलगी मिरियम, स्वतः मोठी कीटकशास्त्रज्ञ, तिने म्हातारपणी ॲश्टनच्या शेतात रानफुलं वाढवून त्यांचं बियाणं लोकांना दिलं आणि त्या मिश्रणाचं नाव ठेवलं 'शेतकऱ्याचं दुःस्वप्न'. नाव ऐकून हसू येतं, पण आत काय आहे बघा, बापाने जे आहे ते राखा म्हणून यादी केली होती आणि मुलीवर ते मुठीमुठीने परत पेरायची वेळ आली.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे येतो, जे म्हणतात की श्रीमंतांनी जमीन घेतली हेच मुळात चूक. यात एक खरा मुद्दा आहे तो आधी मान्य करतो. विकन फेनमध्ये लव्हाळा कापल्याच्या नोंदी १४१४ पासूनच्या आहेत. छपरं शाकारायला गावातले लोक लव्हाळा कापायचे, जळणासाठी पीट काढायचे, आणि त्यांच्या त्या कापण्यामुळेच ती जागा मोकळी, ओली, फुलांनी भरलेली राहत होती. म्हणजे राखणारे मुळात ते गरीब लोक होते, फक्त त्यांना कोणी राखणदार म्हणत नव्हतं. त्या काळच्या निसर्गप्रेमींना, चार्ल्ससकट, हे पुरेसं कळलं नव्हतं, त्यांना वाटायचं माणसाला बाहेर ठेवलं की झालं. वुडवॉल्टनमध्ये तसंच झालं, कापणी थांबली आणि वाळुंजाच्या झुडपांनी फेनचा मोठा भाग गिळला, पुढे ती झुडपं तोडून काढायला पुन्हा माणसंच लावावी लागली. विकत घेतलेली जमीन एकदा घेऊन संपत नाही, दरवर्षी तिच्यात उतरावं लागतं, आणि ते कोण करणार याचं उत्तर खरेदीखतात नसतं.

हे सगळं खरं असूनही मी म्हणतो की १९१० मध्ये त्याने वुडवॉल्टन घेतलं नसतं तर आज तिथे बीट आणि गहू असता. १९१९ मध्ये त्याने ती जमीन सोसायटीला देऊन टाकली, १९५४ मध्ये ती नॅशनल नेचर रिझर्व झाली. सरकार जागं होईपर्यंत ती जागा कुणीतरी धरून ठेवली होती. खाजगी पैशाचं खरं काम हेच आहे, वेळ विकत घेणं. पण विकत घेतलेला वेळ कुणी वापरला तर त्याचा उपयोग, आणि तो वापरायचं काम सरकारचं, म्हणजे शेवटी मतं देणाऱ्या लोकांचं. बँकरने वेळ दिला, देशाने तो चौतीस वर्षं वाया घालवला. यात दोष बँकरला देणं मला अन्यायाचं वाटतं आणि त्याच्यावरच विसंबून राहणं तर त्याहून वाईट.

शिवाय अजून एक गोष्ट आहे जी पैशाने सुटत नाही, ती म्हणजे शेजार. वुडवॉल्टनपासून जवळच होम फेन आहे. १८५१ मध्ये तिथलं व्हिटल्सी मीअर हे मोठं तळं उपसून कोरडं केलं. पाणी गेलं की पीट आकसणार हे माहीत होतं, म्हणून खालच्या घट्ट मातीपर्यंत एक लोखंडी खांब ठोकला, असा की त्याचं डोकं जमिनीच्या बरोबरीने राहील. आज तो खांब जमिनीच्या वर साधारण चार मीटर उभा आहे. खांब हललेला नाही, जमीन खाली गेलीय. माणूस त्याच्याशेजारी उभा राहिला की खांबाचं टोक बघायला मान वर करावी लागते, आणि ते टोक जिथे आहे तिथे एकेकाळी पाय होते. पीट वाळलं की हवेत जळत जातं, सावकाश, धूर न करता, आणि त्यातला कार्बन हवेत जातो.

आता अशा खचणाऱ्या शेतांच्या मधोमध ३३९ एकरांचं ओलं बेट राखायचं म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा. बाजूची शेतं पंपाने पाणी उपसतात, त्यांची पातळी खाली जाते, तुमचं पाणी तिकडे झिरपतं. कागदावर हद्द असते, पाण्याला ती दिसत नाही. कडेने चिकणमातीचा बांध घालून पाणी अडवावं लागलं. इंग्लंडातून नाहीशी झालेली लार्ज कॉपर फुलपाखराची जात, तिची हॉलंडमधली भावंडं आणून १९२७ मध्ये वुडवॉल्टनला सोडली होती. तांब्याच्या रंगाचं, झगझगीत फुलपाखरू. कित्येक दशकं पिंजऱ्यात वाढवून, पुन्हा पुन्हा सोडून ती टिकवली, आणि तरीही शेवटी ती टिकली नाही. खाजगी मालक, मग सोसायटी, मग सरकार, सगळ्यांनी जीव लावला, पण जागाच छोटी होती. पर्यावरणशास्त्रज्ञ जॉन लॉटन यांच्या समितीने २०१० मध्ये इंग्लंडच्या सरकारला हेच सांगितलं की राखीव जागा जास्त हव्यात, मोठ्या हव्यात, चांगल्या ठेवलेल्या हव्यात आणि एकमेकींना जोडलेल्या हव्यात. यातलं 'जोडलेल्या' हे एकट्या खरेदीदाराच्या हातात कधीच नसतं, कारण मधली जमीन दुसऱ्याची असते आणि त्याला तिथे शेती करून पोट भरायचं असतं. त्या शेतकऱ्याला पाणी वर ठेवायचे पैसे मिळाले पाहिजेत, ओल्या जमिनीत काय पिकवता येईल याला मदत मिळाली पाहिजे, पाण्याची पातळी ठरवणाऱ्या मंडळात फेनच्या बाजूने बोलणारं कुणी बसलं पाहिजे. ही सगळी सार्वजनिक कामं आहेत, कंटाळवाणी आहेत, यात कुणाचा फोटो येत नाही.

ब्रिटनने आता २०३० पर्यंत ३० टक्के जमीन निसर्गासाठी राखायचं वचन दिलंय. ऐकायला छान आहे. पण त्यात मला चार्ल्सच्या यादीच्या नेमकं उलटं व्हायची भीती वाटते. त्याच्याकडे जागांची खरी माहिती होती आणि संरक्षण नव्हतं. आता नकाशावर मोठाले पट्टे रंगवून एवढे टक्के झाले म्हणता येतं, आणि आत काय जगतंय याची माहितीच नाही. नॅशनल पार्कची रेघ मारली म्हणजे आत पक्षी वाढले असं नसतं, तिथेही मेंढ्यांनी कुरतडलेले उघडेबोडके डोंगर आहेत. टक्के मोजायचे असतील तर जागेगणिक मोजा, तिथे काय होतं, काय उरलं, पाणी कुठवर आहे, यंदा कापणी झाली का, कुणी केली, त्याला पैसे मिळाले का. २८४ जागांसाठी पोस्टाने पत्रं पाठवून चार माणसांनी तीन वर्षांत जे केलं ते आज एका देशाच्या सरकारला जड जायचं कारण नाही. आणि ही माहिती उघडी ठेवा, म्हणजे जागा गेली तर कुणाच्या कारकिर्दीत गेली हे तरी कळेल.

वुडवॉल्टन आणि होम या दोन फेनच्या मधली शेतं आता २००१ पासून टप्प्याटप्प्याने ग्रेट फेन नावाच्या प्रकल्पात घेतली जातायत, एकूण ३७०० हेक्टर जोडायचं ठरलंय. त्यात चार्ल्सच्या सोसायटीचे वारस आहेत, सरकारी निसर्गसंस्था आहे, पर्यावरण खातं आहे, तिथली जिल्हा कौन्सिल आहे, आणि लॉटरीचा पैसा आहे, म्हणजे तिकीट घेणाऱ्या लाखो लोकांचा. चर बुजवले जातायत, पाणी परत वर येतंय, काही शेतांत बोरू उगवलाय. दलदलीतला तो खांबांवरचा बंगला अजून उभा आहे, आणि त्याच्याभोवतीचं पाणी किती वर ठेवायचं हे ठरवायला आता इतकी सगळी मंडळी एका टेबलाशी बसतात.